चार बोटं जास्त

माळीवाडा, नगर
१६ नोव्हेंबर १९७०

ति. दया आक्कास,
आमोसचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. मी उपाशी नाही, वाळलो नाही, आणि बाबा म्हणतात तसा रस्त्यावरही आलेलो नाही. भिमाजी मिस्त्रींच्या दुकानात मला तीन महिने झाले. कॉलेजचं नाव काढू नकोस. प्रयोगशाळेतल्या, मी न फोडलेल्या काचेच्या नळीचं खापर माझ्यावर फोडलं आणि मी सगळ्या वर्गासमोर ॲप्रन टेबलावर फेकून बाहेर पडलो, हे बरंच केलं असं मला अजून वाटतं. कधीकधी वाटत नाही, पण ते सोड.

काम झकास आहे. मिस्त्री छावणीच्या लिलावातून नटबोल्टची कपाटं आणतात. कपाट कसलं, फळ्यांचा गठ्ठा आणि पिशवीभर नटबोल्ट. प्रत्येक फळीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. आकड्याला आकडा जुळवायचा, पान्याने आवळायचं, तासाभरात कपाट उभं. स्वस्त पडतं, म्हणून सावेडीत नवी घरं बांधणारे तेच नेतात. फक्त कपाट लष्कराच्या मापाचं आणि घरं ज्याच्या त्याच्या मापाची. म्हणून कापाकापीला मी.

गेल्या आठवड्यात याकोब मास्तरांकडे गेलो होतो. तू नगरला नर्सिंग शिकत होतीस तेव्हाही ते चर्चमध्ये पेटीच्या डाव्या बाजूला बसायचे आणि सगळ्यांचं गाणं संपल्यावर एक ओळ एकटेच म्हणायचे, तेच ते. आता रिटायर होऊन सावेडीला छोटं घर बांधलंय. गच्चीच्या जिन्याखाली एक खबदाड आहे, एका बाजूला माझ्या छातीएवढं उंच, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढं. मास्तरांना तिथे पस्तीस वर्षांची पुस्तकं ठेवायला कपाट हवंय. म्हणजे कपाटाचा माथा तिरका कापायचा आणि दारंही. मिस्त्री म्हणाले की हे होणार नाही. मी म्हणालो होणार.

त्यांना कृपा नावाची मुलगी आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सहज सांगितलं. कृपाने चहा दिला. साखर कमी होती. मी तीन कप प्यालो.

मिस्त्रींची टेप मिस्त्रींच्या कमरेला, ती काही मला मिळत नाही. म्हणून बाबा विहिरीच्या दोराचं माप घेतात तसं मी सुतळीवर घेतलं. पहिली चिंधी बांधली ती खोली, दुसरी बुटकी बाजू, तिसरी उंच बाजू. पण कृपा जिन्यावरून खाली आली त्या गडबडीत सुतळी तिथेच खुंटीवर राहिली. दोन दिवसांनी आणायला गेलो. आणखी एक कप.

बाबांना माझा सलाम सांग, घेतला तर. दाजींना माझी आठवण राहू दे, आणि तू रागावलीस तरी पत्र टाकायचं थांबू नकोस.

तुझा
आमोस


देवळाली प्रवरा
२२ नोव्हेंबर १९७०

चि. आमोसास,
आक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. उसाची तोडणी जोरात चालू आहे, त्यामुळे दवाखान्यात रोज वीसेक जणांच्या बोटांना पट्ट्या बांधते. कोयता कुणाचं ऐकत नाही. तुझ्यासारखाच.

तुझं पत्र दाजींनी मोठ्याने वाचलं. कपाटाचं सगळं वर्णन ऐकून झाल्यावर ते म्हणाले, की कपाट समजलं, पण त्यात चहाला काय काम? मी म्हणाले, की कपाट आहे म्हणून चहा नाही, चहा आहे म्हणून कपाट आहे. ते खो खो हसले. तू हसू नकोस. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला स्थळं येऊ लागतात, हे मला माहीत आहे, कारण मलाही तेव्हाच आली होती.

बाबा रविवारी येऊन गेले. तुझं नाव काढलं नाही. पण जाताना तुझी जुनी सायकलची घंटा पिशवीतून काढून माझ्याकडे ठेवली, की कुणी नगरला जात असेल तर दे. मग दारातून मागे वळून म्हणाले, की पोरगं हुशार आहे, पण राग आला की उभी जागा सोडतं. असं जागा सोडत सुटणाऱ्याला लेक कोण देईल?  तुला उत्तर सुचलं तर कळव.

पोटाला नीट खा. आमचा जीव तुझ्यात गुंतलेला आहे, हे विसरायचं नाही.

तुझी
आक्का


नगर
९ डिसेंबर १९७०

ति. आक्कास सलाम.

खुशाली विचारू नकोस, नाहीच आहे.

सोमवारी हातगाडीवर फळ्या लादून सावेडीला गेलो आणि मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत कपाट जोडलं. काय देखणं झालं होतं! तिरका माथा, एक दार उंच, एक बुटकं, बापलेक दारात उभे असावेत तसं. मास्तर इतके खूष, की त्यांनी सगळ्या ट्रंका उपसून पुस्तकं खोलीभर मांडून ठेवली. पाय ठेवायला जागा नाही. आणि कपाट आत सरकवायला गेलो तर जाईना! उंच बाजूला चार बोटं जास्त. ढकललं, ठोकलं, मास्तरांनीही खांदा लावला. जिना काय वर उचलणार?

तेव्हा मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, की येत्या रविवारी पुण्याचे पाहुणे कृपाला बघायला यायचेत, त्यांना काय आता या पुस्तकांवर बसवू? हे मला तेव्हा कळलं आक्का! म्हणजे तीन आठवडे मी रंधा मारत होतो तो त्या पुणेकराला पाय पसरायला जागा व्हावी म्हणून. माझं डोकं फिरलं. त्यात मास्तर म्हणाले, की कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याच्या हातचं माप, ते दुसरं काय निघणार.

मग मी हातोडी जमिनीवर आपटली. म्हणालो, की तुमचं कपाट आणि तुमचे पुणेकर हवे तिथे कोंबा, मी या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि निघालो. फरशीचा टवका उडाला तो वेगळाच. कृपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चेहरा असा, जणू तिच्याच हातून काही सांडलंय.

मिस्त्री म्हणतात चूक तुझी. मी म्हणतो नाही. त्या सुतळीवरून मी केसाचाही फरक न करता कापलंय. तीच सुतळी सोबत पाकिटात घालतो. बाबांना दाखव आणि विचार, की तुम्ही शिकवलेलं माप माझ्या हातून चुकेल का. पुण्याचा तो पाहुणा येण्याच्या आत मी नगर सोडून जाणार आहे. कुठे ते ठरलेलं नाही.

तुझा अभागी
आमोस


देवळाली प्रवरा
११ डिसेंबर १९७०

चि. आमोसास आशीर्वाद.

हे पत्र वाचून होईपर्यंत कुठेही जायचं नाही. बूट घातले असशील तर काढ.

तुझी सुतळी टेबलावर पसरली आणि मला असं हसू फुटलं, की दाजी ताटावरून उठून आले. अरे वेड्या, तू स्वतःच्या गाठी ओळखत नाहीस? पहिल्या दोन चिंध्या तुझ्या. करकचून आवळलेल्या, वाकड्या, गोळा झालेल्या, बाबा कासऱ्याला मारतात तशा. तिसरी बघ. सपाट, सरळ, दोन्ही टोकं सुतळीला समांतर. ही गाठ मी आठ वर्षं रोज बांधते आहे. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, म्हणजे पट्टी सुटत नाही आणि जखमेत रुतत नाही. नर्सिंगला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि त्या चिंधीच्या चार बोटं अलीकडे सुतळी दबून पांढरी पडली आहे. तिथे होती तुझी तिसरी गाठ.

सुतळी दोन दिवस कुणाच्या घरी खुंटीवर होती, ते तूच लिहिलं होतंस.

तिने चिंधी का सरकवली, हे आता मी तुला फळ्यावर लिहून दाखवू का? कपाट बसलं नाही तर पुस्तकं खोलीभर, पुस्तकं खोलीभर तर पाहुणे लांबणीवर, आणि माप चुकलं तर माप घेणाऱ्याला पुन्हा यावं लागणार. एवढा बेत केला बिचारीने, आणि तू काय केलंस? हातोडी आपटून पुन्हा येणार नाही म्हणून आलास!

आता ऐक. मास्तरांकडे जायचं आणि चूक माझी असं सांगायचं. तिचं नाव ओठावर आणायचं नाही. बापासमोर पोरीला उघडं पाडलंस तर मी तुझी बहीण नव्हे. न फोडलेल्या नळीसाठी तू कॉलेज सोडलंस. आता न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालून उभं राहायचंय. जमेल?

सुतळी परत पाठवते. घंटाही पाठवली आहे, ऊस घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याकडे. रागावले असले तरी सगळी माया तुझ्याच वाट्याची.

आक्का


नगर
१५ डिसेंबर १९७०

ति. आक्कास सलाम वि. वि.

जमलं.

पत्र शनिवारी सकाळी मिळालं, त्याच दुपारी गेलो. मास्तरांच्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा सायकल मागे वळवली. तिसऱ्यांदा वळवताना बाबांची घंटा आपोआप वाजली आणि मास्तरच बाहेर आले. मग काय करणार? म्हणालो, की चार बोटं माझी चुकली, फरशीही माझ्यामुळे फुटली, दोन्ही नीट करून देतो.  त्यांनी आत जाऊन खुर्ची आणली आणि परीक्षेत पहारा करतात तसे समोर बसले.

बोल्ट ढिले केले, माथ्याची फळी काढली, उंच बाजू आणि दार पुन्हा कापलं. तीन तास. मध्येच मास्तरांनी पुन्हा ते कॉलेजचं काढलं. माझ्या तोंडात दोन खिळे धरलेले होते म्हणून गप्प राहिलो. आक्का, सुतार तोंडात खिळे का धरतात, ते मला आता कळलं.

कृपा चहा घेऊन आली.   मी खिशातून ती सुतळी काढली, तिच्यादेखत तिसरी चिंधी सोडली आणि पांढरी खूण होती तिथे पुन्हा बांधली. उजवं डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. सकाळपासून मिस्त्रींच्या खुर्चीच्या पायावर सराव केला होता. तिने बघितलं आणि पटकन आत गेली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. चहा या वेळी पाकासारखा गोड होता.

कपाट खबदाडात असं बसलं, की मागे पोस्टकार्डही जाणार नाही. पुस्तकं मीच लावली. पाहुण्यांना मास्तरांनी आधीच कळवून सत्तावीस तारखेवर ढकललं होतं. म्हणजे शेवटी त्या पुणेकरासाठी घर आवरून दिलं ते मीच. पण ओरडलो नाही, काही फेकलं नाही, आणि नगर सोडलेलं नाही. एवढं बाबांना सांग.

नाताळला काय होतं ते बघायला मी इथेच आहे. तोवर मला तुझ्या प्रार्थनेत धर.

तुझा
आमोस


सावेडी, नगर
२० डिसेंबर १९७०

चि. सौ. दया हिस,
याकोब मास्तरांचा सलाम व आशीर्वाद.

अनेक वर्षांनी पत्र लिहीत आहे. तुझा पत्ता कृपाने हॉस्पिटलातील जुन्या सिस्टरांकडून मिळवला.

माझे कपाट जिन्याखाली बसले. ते बसवून तुझा भाऊ गेला त्या संध्याकाळी कृपा जेवेना. विचारले तेव्हा रडत तिने सुतळीचा सर्व प्रकार सांगितला. मला तो थोडा आधीच कळला होता. पस्तीस वर्षे मुलांच्या पाट्या तपासल्या आहेत. एका हाताच्या अक्षरात दुसऱ्याचे अक्षर मिसळले की मला दिसते. न केलेली चूक अंगावर घेणारे विद्यार्थी मात्र मला फार भेटले नाहीत. मी कॉलेजवरून टोचले तेव्हाही तो उठून गेला नाही. खिळे त्याच्या तोंडात होते हे खरे, पण ते त्याने मी बोलण्याच्या आत धरले होते.

पुण्याच्या मंडळींना काल नकाराचे पत्र टाकले. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर तुझ्या वडिलांनी तुम्हा उभयतांसह माझ्याकडे जेवायला यावे. काय बोलायचे ते तुला समजले असेलच.

मुलाचे डोके गरम आहे. फरशीचा टवका त्याने सिमेंटने भरला, पण रंग जुळला नाही. तो मी तसाच राहू देणार आहे. येता-जाता त्याला दिसेल. त्याला यातले अद्याप काही सांगितलेले नाही, कृपालाही बजावले आहे. नाताळपर्यंत त्याने जरा घामाघूम झालेले बरे. तूही कळवू नकोस.

आज दुपारी स्वयंपाकघरात फळी ठोकायची म्हणून त्याला बोलावले होते. सुतळीला आता या घरात बंदी आहे. मी नवी टेप आणून ठेवली होती. तिचे एक टोक त्याच्या हाती दिले, दुसरे कृपाच्या. मी तीनदा माप विचारले. तीनदा निराळे आले. मी दुरुस्त केले नाही.

लोभ आहेच. तो यापुढे न मोजता चालू राहावा.

तुझा
याकोब मास्तर