सौनेत मी गप्प बसलो, तो होकार नव्हता

मी, ताउनो राउतियो, राहणार पेल्कोला टाउनशिप, मिशिगन राज्याचा वरचा भाग, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर आणि नंतर मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी पुस्तके लिहिणारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, पण सही छातीने करायची नसते. मला कुणी धाक दाखवलेला नाही की काही पाजलेले नाही. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. शाळा आठवीपर्यंतच झाली, त्यामुळे एखादे वाक्य वाकडे गेले असेल तर अर्थ सरळ घ्यावा. माझे शुद्धलेखन माझी बायको सायमा बघत असे. ती आता नाही.

कलम १. घर, जमीन, होडी, बर्फ ढकलायची गाडी आणि बँकेत जे असेल ते माझ्या बहिणीचा मुलगा डेल याला. हे सर्वांत आधी लिहिले, म्हणजे पुढचे त्याने शांतपणे वाचावे. डेल, त्या गाडीचा ब्रेक नीट धरत नाही, उतारावर नेऊ नकोस. छपरावर बर्फ साठू देऊ नकोस. तू साठू देशील, मला माहीत आहे.

कलम २. आमच्या चर्चचे पाळक किल्पेला यांना माझे एकही पुस्तक देऊ नये. ‘हा माणूस लेकरांना अंधार विकतो’ असे त्यांनी भर प्रार्थनेत सांगितले, आणि त्यावरून इथल्या शाळेने माझी पुस्तके कपाटातून काढून टाकली. पाळकांनी त्यातले एकही वाचलेले नाही. आता या वयात त्यांची सवय मोडायला नको.

कलम ३. अंगणातली सौना, म्हणजे वाफेने आंघोळ करायची लाकडी खोली, टाइपरायटर, आणि माझ्या नऊही पुस्तकांचे व त्यांतल्या सगळ्या माणसांचे हक्क डेलची मुलगी कायसा हिला. ती सज्ञान आहे आणि कॉलेजात शिकते. टाइपरायटरची एक कळ दाबली की खालीच राहते, ती बोटाने वर उचलावी लागते. सायमा न बघता उचलत असे.

हे हक्क डेलला का नाहीत, हे लिहिणे भाग आहे, नाहीतर तो वकील करेल.

आमचा मुलगा रेइनो सोळाव्या वर्षी गेला. मार्च महिना होता. मासे धरायला गोठलेल्या सरोवरावर गेला आणि बर्फाने धरले नाही. त्याचे मित्र दर शनिवारी आमच्याकडे सौनेला येत. तो गेल्यावरही ते आले. आंघोळ करून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिले. पाळकांनी त्यांना वाचायला पुस्तके दिली होती. त्यांत मेलेला मुलगा तारा होतो नाहीतर पाखरू होऊन खिडकीत येतो. एक मुलगा मला म्हणाला, “काका, रेइनो पाखरू झालाय असं तुम्हाला वाटतं?”

मी म्हटले, “नाही रे. पाखरांचा त्याला कंटाळा होता.”

तेवढ्यावर ती मुले हसली आणि मग रडली. पुढच्या शनिवारी मी त्यांना ओली नावाच्या मुलाची गोष्ट सांगायला घेतली. ओली पहिल्याच प्रकरणात बर्फाखाली जातो आणि परत येत नाही. त्याचे मित्र मोठे होतात, दारू पितात, भांडतात, पळून जातात, त्यांतले काही वाचतात. मोठी माणसे ‘आलोच’ म्हणतात आणि येत नाहीत. ओली कुठूनही बघत नसतो. ‘आतल्या बाजूचा बर्फ’ हे पुस्तक असे झाले. मी दिवसा ट्रक चालवत असे, सायमा टाइप करत असे, आणि शनिवारी वेलदोड्याचा पाव आणि थंड दूध देऊन मी मुलांना वाचून दाखवत असे. मुले चुळबुळली की ती पाने भट्टीत. पुढची आठही पुस्तके याच बाकावरून गेली. आता या गावात मुले नाहीत, शाळाही नाही. बाक आहे.

शहरातल्या लोकांनी मला बक्षीस दिले आणि मुलांच्या काळोखाचा लेखक म्हटले. मला काळोखातले काही कळत नाही. एकदा एका शाळेत बोलायला गेलो होतो. सगळे निघून गेल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, “माझा भाऊ गेला. घरी सगळे म्हणतात तो वरून बघतोय. मला अंघोळ करतानासुद्धा लाज वाटते. तुमचा ओली बघत नाही. मला जरा बरं वाटलं.” मी ‘हो’ म्हटले. तिला दिलेला शब्द असेल तर तो एवढाच आहे.

कलम ३ अ. वरचे लिहिताना हे राहिले. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि तीच मी नीट लिहू शकत नाही.

माझ्या प्रकाशकांच्या संपादक प्रिसिलाबाई गेल्या शरदात इथे आल्या. बाई मनाने वाईट नाहीत. त्यांना सौना बघायची होती, म्हणून तापवली. त्या पोहण्याचा पोशाख घालून आल्या आणि थेट सर्वांत वरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी टॉवेल गुंडाळून खाली. वाफ चढली आणि बाई मोठमोठ्याने बोलू लागल्या.

“ताउनो, दहावं पुस्तक! ओली परत येतो! सौनेचं दार उघडतं, वाफ बाहेर येते आणि दारात तो उभा! मुलं वेडी होतील. तुम्हाला लिहिणं होत नसेल तर आमच्याकडे एक हुशार मुलगा आहे, तो तुमच्या नावाने लिहील. काय म्हणता?”

मी भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकले.

“म्हणजे हो ना?” बाई म्हणाल्या.

मी गप्प राहिलो. त्यांनी खाली उतरून माझा हात दाबला. “मला वाटलंच होतं तुम्ही नाही म्हणणार नाही!”

ज्या वकिलांना किंवा न्यायाधीशांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो. आम्हा फिनिश लोकांत सौनेत वाद नेत नाहीत. तिथे आवाज चढवत नाहीत, कुणाचे बोलणे खोडत नाहीत. माझ्या आईने मला त्याच सौनेत जन्म दिला आणि माझ्या बापाला शेवटची आंघोळ तिथेच घातली. तिथे बसलेला माणूस पटले नाही तर पाणी टाकतो. बाहेर आल्यावर, कपडे घालून, कॉफी पिताना नाही म्हणायचे असा माझा बेत होता. पण मी बूट चढवेपर्यंत बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की म्हातारा तयार आहे, आणि त्यांना विमान गाठायचे होते.

नंतर मी फोन करून नाही म्हटले. बाई म्हणाल्या, “ताउनो, तुम्ही दमलायत. आपण नंतर बोलू.” नंतर म्हणजे केव्हा, ते मला समजते. करारात असे आहे की दुसऱ्याकडून लिहून घ्यायला माझी किंवा माझ्या वारसाची संमती लागते. माझी मिळाली असे त्या म्हणतात. ती कमी पडली तर त्या डेलकडे जातील. डेलने मला इथेच, या टेबलाशी विचारले होते, “मामा, मेलेल्या पोराला जरा जिवंत केलं तर कुणाचं काय बिघडतं? कागदावरचाच तर आहे.”

“डेल, तो आता कागदावरच आहे,” मी म्हटले. त्याला वाटले मी त्याचेच म्हणणे मान्य केले.

म्हणून लिहून ठेवतो. माझे गप्प बसणे हा होकार नव्हता. ओली परत येणार नाही. पुस्तकात नाही, सिनेमात नाही, स्वप्नात नाही, भूत होऊनही नाही. कायसाने किंवा तिच्यानंतरच्या कुणीही तशी संमती देऊ नये. बाकीच्या माणसांचे तिने हवे ते करावे. मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, पण तुम्हाला स्वतःला कधी वाटलं नाही, त्याला आणावं?”

तिला तेव्हा उत्तर दिले नाही. इथे देतो.

सायमाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिला चालता येत नव्हते. शनिवारी दुपारी मी तिला लाकडे ओढायच्या घसरगाडीत बसवून अंगणातून सौनेत नेत असे. अशीच खालच्या बाकावर बसली असताना ती म्हणाली, “म्हाताऱ्या, आज त्याला घरी आण. लिहू नको. नुसतं सांग.” ओली असे ती म्हणाली नाही. ती कुणाबद्दल बोलत होती ते मला कळले.

मी सांगितले. तो सरोवराकडून वर येतो. पायरीवर बूट आपटून बर्फ झाडतो. मासा एकही मिळाला नाही म्हणून कुरकुरतो. दाराबाहेरून विचारतो, थोडी ऊब उरली आहे का?

सायमा म्हणाली, “वाफ ठेवलीय म्हणावं. दार लवकर लाव, गारठा येतोय.” आणि हसली. त्यानंतरच्या शनिवारी ती नव्हती.

मला त्यातले काही खरे वाटले नाही. सांगताना सुद्धा नाही. पण तो एकदा घरी आला, जिच्याकडे यायला हवा होता तिच्याकडे आला, आणि ते तेवढ्यावर संपले. त्यातले कुणाला विकण्यासारखे काही उरलेले नाही.

कलम ४. माझे प्रेत सौनेत धुवावे आणि सायमाशेजारी पुरावे. रेइनोची कबर बांधलेली नाही, कारण तीत ठेवायला काही सापडले नाही. कबरीच्या दगडावर आमच्या दोघांखाली त्याचे नाव घालावे.

कलम ५. कायसा, त्या दिवशी सगळे गेल्यावर शेवटची वाफ ठेव. आंघोळी झाल्या की दगडांवर एक लोटा टाकायचा, दार लावून घ्यायचे आणि निघून जायचे. जुनी माणसे म्हणत ती सौनेच्या राखणदारासाठी असते. तू लहान असताना विचारायचीस, मी सांगायचो तो येतो म्हणून. पुन्हा दार उघडून बघू नकोस. मी दर शनिवारी उघडून बघितले आहे. ओला बाक असतो आणि वाफ निघून गेलेली असते. दुसरे काही नसते.

हे मृत्युपत्र सौनेत नव्हे तर स्वयंपाकघरात, भरदिवसा, अंगावर पूर्ण कपडे असताना मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. दोघांचाही या मालमत्तेत काही वाटा नाही. साक्षीदार एल्मा ससी यांनी विचारले, “ताउनो, पोरगा परत यायचा का?” मी ‘नाही’ म्हणालो. विल्हो ससी यांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणालो. दोघांनी ऐकले, मग सही केली.

सही: ताउनो राउतियो

साक्षीदार: एल्मा ससी
साक्षीदार: विल्हो ससी

पेल्कोला टाउनशिप, ९ मार्च २०१९. सरोवर अजून गोठलेले आहे.