साच्यात राहिलेलं बॉनेट

प्रिय वसंता,

आज तुझा साचा उघडला, म्हणून लिहितोय. तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. "माझा धाकटा भाऊ गेला," एवढंच म्हणून मी खाली बसलो. एरवी माइक सोडत नाही म्हणून तूच चिडवायचास ना मला? रडूही आलं नाही. अजून येत नाही.

अंबडच्या तुझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये सगळं तसंच आहे. तू गेलास त्या दिवशी साच्यात घातलेलं रॅलीच्या शर्यतीतल्या गाडीचं बॉनेटही तिथेच होतं, काळं, कार्बन फायबरचं. इंजिनाची गरम हवा बाहेर जायला त्यात ज्या तिरक्या खाचा असतात, त्यांचे साच्यातले तुकडे सुटे असतात, हे मला आजच कळलं. आधी ते मागून बोल्ट काढून सोडवायचे, मग बॉनेट उचलायचं. तुझ्या हाताखालच्या सलीमने एकेक सोडवला. शेवटचा हलेना.

"याला मेणच लागलं नाही, दादा," तो म्हणाला. "चिकट रेझिन फटीत घुसून साच्याला धरून बसलंय."

माल साच्याला चिकटू नये म्हणून लावायचं ते मेण तू एकटाच लावायचास. दुसऱ्याचा हात लागला की ओरडायचास. त्या दिवशी छातीत दुखत असताना सलीमला म्हणालास, "पित्त झालंय रे," आणि काम करत राहिलास. कशासाठी? मेणाचा डबा त्याच्या हातात दिला असतास तर काय बिघडलं असतं? सगळा भार एका माणसावर टाकू नका, हे मी कारखान्यांच्या गेटवर युनियनच्या सभांत घसा फुटेपर्यंत सांगितलं. घरच्याच माणसाला ते पटलं नाही.

आता एक तर साचा फोडायचा, नाहीतर बॉनेट कापायचं. मी म्हटलं, साचा फोडा. बॉनेट हे तुझं शेवटचं काम, ते मला घरी न्यायचं होतं.

"भिंतीला लावून काय करायचं, भाऊजी?" तुझी मंगल म्हणाली. "साचा राहिला तर शेड राहील. मला शेड चालवायचीये."

"अगं, त्याच्या हातचं आहे ते."

"आणि साचा कोणाच्या हातचा आहे?"

तुझ्या बायकोचं ऐकलं, वसंता; बॉनेट कापायला सांगितलं.

सलीमने ग्राइंडर लावला. मंगलने तोंडाला ओढणी बांधून दुसरी कड धरली. काळी धूळ उडाली. साच्यावर एक ओरखडा तेवढा आला. "पॉलिशला जाईल," सलीम म्हणाला. मी उभा राहून बघत होतो. आत काहीच हललं नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

सोमवारपासून शेड सुरू होतेय. मेण सलीम लावेल, मंगल तपासेल. मला त्यातलं काही येत नाही, पण रोज येऊन बसणार आहे. तिथे कोणी नुसती छाती चोळताना दिसलं, तरी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेईन. मग साच्यातलं काम वाया गेलं तरी जाऊ दे. हा शब्द तुला.

तुझा,
दादा