धक्का क्र. २ ची केबल बदलून अर्जदाराचेच पद रद्द करणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी (धक्के व यंत्रे),
खाडीमुख मालधक्का महामंडळ,
विभागीय कार्यालय, पेण, जि. रायगड.

विषय : धरमतर खाडीवरील धक्का क्र. २ च्या फिरत्या क्रेनला वाकणारी केबल बसवणे व त्यामुळे गरज न उरणारे ‘केबल सहायक’ हे अर्जदाराचे पद रद्द करणे.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ११ नोव्हेंबर व १६ डिसेंबर २०२४ चे अर्ज. २) त्यांवर आपल्या कार्यालयाची उत्तरे. ३) अनुकंपा नियुक्ती आदेश दि. १ जानेवारी २०२५.

अर्जदार : कु. अपेक्षा बाबाजी घरत, वय २३, आय.टी.आय. (वीजतंत्री), केबल सहायक (अनुकंपा), रा. खारजुई, ता. पेण.

महोदय,

१. धक्का क्र. २ वरची कोळशाची क्रेन रुळांवरून फिरते हे आपणांस ठाऊक आहेच. तिची केबलही तिच्याबरोबर फिरते, हे मात्र खरेदीच्या फायलीत कुठेही नमूद नाही. बार्ज लागली की क्रेन एकशे साठ मीटर पुढे आणि तितकीच मागे, अशा एका पाळीत चाळीस-पन्नास खेपा करते. तिला वीज देणारी केबल जाताना ड्रमवरून सुटते, येताना ड्रमवर गुंडाळली जाते. म्हणजे या केबलचा सगळा जन्म वाकण्यात आणि सरळ होण्यात जायचा. निवडताना तिला कोणी एकदा वाकवून पाहिले असते तर आपला आणि अर्जदाराचा पत्रव्यवहार सुरूच झाला नसता.

२. निवड मे २०२३ मध्ये झाली. समितीचे अध्यक्ष भांडार अधीक्षक श्री. दिनानाथ शेडगे यांची आधीची पंचवीस वर्षे खारबांधांच्या कामावर गेली होती. खाडीचे पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला बांध कसा आहे, हे त्यावर टाच मारून ओळखतात. टाच रुतली तर बांध कच्चा, टाच दुखली तर पक्का. साहेबांसमोर केबलचे दोन नमुने ठेवण्यात आले. एक बारीक तांब्याच्या तारांचा, जाड रबरी सालीचा. दुसरा ॲल्युमिनिअमचा, वरून लोखंडी तारांचे चिलखत चढवलेला, जमिनीत पुरतात तो. साहेबांनी दोहोंवर टाच मारली. रबरी नमुना दबला. दुसऱ्याने साहेबांच्या बुटाची टाच उचकटली. समितीने तिथल्या तिथे मान डोलावली. तरी कोणी नंतर बोट दाखवू नये म्हणून पसंत पडलेल्या नमुन्यावर हातोडा मारला, भरलेला ट्रक घातला आणि महिनाभर त्याला खाडीच्या चिखलात गाडून ठेवले. बाहेर काढल्यावर शेरा लिहिला, तो असा : “केबल जागची हलली नाही. अत्यंत समाधानकारक.” वाकवून पाहण्याचा रकाना तपासणीच्या नमुन्यात नव्हता, आणि नसलेला रकाना भरणारे अधिकारी आपल्याकडे नेमले जात नाहीत.

३. केबल लागली. नवव्या दिवशी तिने ड्रमवर बसायचे नाकारले; गुंडाळली की ती उसळून बाहेर येई. तेव्हा केबल परत पाठवावी असे एका फोरमनने सुचवले. पण समितीने उत्तीर्ण केलेली वस्तू परत पाठवणे म्हणजे समितीला परत पाठवणे. म्हणून ‘केबल सहायक’ या नावाची चार पदे निर्माण झाली. क्रेनबरोबर चार माणसांनी चालायचे, केबल खांद्यावर घेऊन तिला सावकाश गोलाई द्यायची. परिपत्रकात वाक्य आहे : “केबलला तीव्र वळण पडू नये, तसेच ती कोणत्याही परिस्थितीत हातातून सोडू नये.” अशा रीतीने केबल वाकत नसल्याने तिच्याऐवजी माणसे वाकू लागली. त्यांत अर्जदाराचे वडील कै. बाबाजी घरत यांची निवड झाली, कारण मिठागरात पाट्या वाहून त्यांचे खांदे तयार होते. घरी आल्यावर ते अर्जदाराच्या आईला, कृष्णाबाईंना म्हणत, “मिठाची पाटी उतरवता तरी येत व्हती. ही बया उतरतच नाय गो.” आई म्हणे, “मंग टाकून द्या की खाली.” त्यावर वडील म्हणत, “टाकायची नाय म्हणून कागद लावलाय. सहीशिक्क्याचा हाय.” ते कागद पाळणारे गृहस्थ होते.

४. केबल आतून तुटत गेली आणि तिला जोड पडत गेले. जोडांत खारे पाणी शिरू लागले. वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा एक स्विच क्रेनला आहे. तो दिवसातून सात-सात वेळा पडू लागल्याने बार्ज खोळंबत. म्हणून तो पुन्हा पडू नये अशा बेताने सुतळीने वर बांधण्यात आला. दि. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी नवव्या जोडाजवळची साल फाटली, तेव्हा ती जागा अर्जदाराच्या वडिलांच्या हातात होती. त्यांनी केबल सोडली नाही. पुरवठा बंद केल्यावरही सोडली नाही. बोटे उघडेनात, तेव्हा मुठीच्या दोन्ही बाजूंना केबलच कापावी लागली आणि चौदा इंचांचा तुकडा त्यांच्याबरोबर घरी आला. आईने कोमट पाणी घालून, एकेक बोट सोडवून तो काढला. त्याआधी पंचनाम्याला अडीच तास लागले. धक्क्यावर ताडपत्री एकच होती. केबलची कापलेली तोंडे उन्हात राहिली तर खराब होतील म्हणून ती केबलवर घालण्यात आली. वडील शेजारीच होते.

५. चौकशी तत्परतेने झाली. केबलमध्ये दोष आढळला नाही, कारण ती सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होती आणि तसा कागद फायलीत होता. दोष मयतात आढळला. झटका बसल्यावर मयताने केबल तत्काळ सोडली असती तर जीवितहानी टळली असती, असा निष्कर्ष आहे. कोणत्याही परिस्थितीत सोडू नये हे परिपत्रक त्याच अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडले आहे. अर्जदाराने दोन्ही कागद बरेचदा एकाखाली एक ठेवून वाचले. मधल्या जागेत माणूस कुठे उभा राहील, ते तिला अजून सापडलेले नाही. नुकसान या सदरात एकच नोंद आहे : “केबल, कापल्यामुळे.” त्यानंतर केबलला तपासणीसाठी तीन दिवस विश्रांती देण्यात आली. उरलेल्या तिघा सहायकांना त्या तीन दिवसांत धक्का झाडायला लावला.

६. अर्जदार त्या वेळी रोह्याला श्री. कान्हू यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. तेराव्यानंतर ती तो चौदा इंचांचा तुकडा पिशवीत घालून रोह्याला घेऊन गेली. कान्हूकाकांनी त्यातली एक कोर, म्हणजे आतली वीजवाहक तार, सोलून व्हाइसच्या पकडीत धरली आणि उलटसुलट वाकवायला घेतली. एकसष्टाव्या वळणाला ती तुटली. मग दुकानात पडलेल्या एका जुन्या रबरी केबलची कोर धरली. दोन हजारांनंतर मोजणे थांबवावे लागले, कारण काकांची जेवायची वेळ झाली. कोर तशीच होती. त्यांचे म्हणणे अर्जदार जसेच्या तसे देत आहे : “पोरी, ही केबल वाईट नाय. हिला पुरली असती ना, पन्नास वरसं टिकली असती. ह्या लोकांनी पुरायची केबल चालवली, आन चालत्या माणसाला...” मग त्यांनी चहा सांगितला.

७. ही चाचणी लिहून अर्जदाराने ११ नोव्हेंबरला पहिला अर्ज केला, की क्रेनला बारीक तांब्याच्या तारांची, रबरी सालीची, खाऱ्या हवेत टिकणारी केबल लावावी, ड्रमचा व्यास तिला साजेसा आहे का पाहावे आणि स्विचची सुतळी सोडावी. उत्तर आले, की अर्जदार कर्मचारी नसल्याने तिला तांत्रिक सूचना करता येत नाही. मात्र महामंडळाच्या मालकीचा चौदा इंच केबलचा तुकडा तिच्या ताब्यात कसा आला याचा खुलासा सात दिवसांत करावा. अर्जदाराने तो कसा आला हे १६ डिसेंबरच्या अर्जात लिहिले. त्यावर तुकडा जमा करण्यास कळवण्यात आले. तो तिने भांडारात नेऊन दिला. पोच मिळाली : “केबल, इंच चौदा, वाईट स्थितीत.” शेडगे साहेब स्वतः हजर होते. तुकडा टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर अंगठा दाबून पाहिला आणि ते समाधानाने म्हणाले, “बघ, अजून कशी कडक हाय.”

८. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी अनुकंपा नियुक्तीचा आदेश निघाला. अनुकंपेच्या यादीत माणसे दहा-दहा वर्षे तिष्ठतात. या पदाला रांग नसल्याने अर्जदाराला ते बारा आठवड्यांत मिळाले. पद केबल सहायक, जागा क्रमांक तीन, म्हणजे वडिलांचीच. आस्थापना शाखेच्या श्रीमती प्रणिता मॅडम यांच्याकडे अर्जदार विचारायला गेली, की आधी केबल बदला, मग मी रुजू होते, असे चालेल का. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजावले, “चांगली केबल आली की ती आपली आपण गुंडाळली जाणार. मग सहायक कशाला? पद गेलं की तुझी अनुकंपा मी बसवू कुठे? रिकाम्या खुर्चीवर माणूस बसवता येतो गं, नसलेल्या खुर्चीवर नाय.” म्हणजे केबल वाईट आहे तोवर अर्जदाराला नोकरी आहे, आणि केबल चांगली झाली की नोकरी नाही. वडील कशाने गेले आणि घर कशावर चालायचे, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत अशी तिची समजूत होती. ती मॅडमनी दूर केली.

९. तांत्रिक सूचना फक्त कर्मचाऱ्याला करता येते म्हणून अर्जदार दि. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी रुजू झाली. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गोणपाटाची घडी शिवून दिली, खांद्यावर ठेवायला. रुजू झाल्यावर अर्जदाराने सूचना-वही मागितली. तेव्हा कळले की वहीत लिहिण्यासाठी सहा महिन्यांची सलग सेवा लागते. रुजू झाली त्या दिवशी केबलला बारा जोड होते. आज सतरा आहेत. सुतळी बदलली आहे, आधीची कुजली होती. आता नायलॉनची दोरी आहे. अर्जदार वीजतंत्री असल्याने कोणता जोड पुढे फाटणार हे तिला दिसते. सध्या तो चौदावा आहे आणि परतीच्या खेपेला तो जागा क्रमांक तीनच्या खांद्यावर येतो. सहा महिने ऑगस्टमध्ये पुरे होतात. चौदावा जोड तितका थांबणार नाही, असे तिचे प्रामाणिक तांत्रिक मत आहे. ते वहीबाहेरचे असल्याने ग्राह्य धरू नये, हेही तिला मान्य आहे.

१०. तरी विनंती की,

(अ) धक्का क्र. २ ला वाकणारी केबल बसवावी व केबल सहायकांची चारही पदे, अर्जदाराच्या पदासह, रद्द करावीत. अर्जदार रोह्याला पुन्हा मोटारी गुंडाळील. तिथे जागा आहे. बाकीच्या तिघांची या अर्जावर सही नाही. त्यांना नोकरी हवी आहे, आणि अर्जदार त्यांना दोष देत नाही.

(आ) ते शक्य नसल्यास अर्जदाराने जमा केलेला तुकडा समितीने भांडारातून काढून, टाच न मारता, एकदाच हाताने वाकवून पाहावा.

(इ) तेही शक्य नसल्यास एवढे करावे. रुजू होताना वारस-नोंदीचा फॉर्म भरताना प्रणिता मॅडम मायेने म्हणाल्या होत्या, “काळजी करू नको, तुझ्यामागे आईचाही विचार करू. वयाचं बघून घेऊ.” अर्जदाराच्या घरात तिच्यामागे एकटी आईच आहे. आईचे वय सेहेचाळीस आहे आणि नियमात मर्यादा पंचेचाळीसची आहे. आपण दयाळू आहात, हे अर्जदाराने अनुभवले आहे. म्हणून आधीच लिहून ठेवते, की तशी वेळ आल्यास कृष्णाबाई बाबाजी घरत यांच्या बाबतीत वयाची अट कोणत्याही परिस्थितीत शिथिल करू नये.

आपली नम्र व तूर्त कार्यरत,

(सही)
अपेक्षा बाबाजी घरत
केबल सहायक, जागा क्रमांक तीन
धरमतर, दि. ७ एप्रिल २०२५

सोबत :
१) रोहा येथील वाकवण्याच्या चाचणीचे टिपण, श्री. कान्हू यांच्या सहीसह.
२) परिपत्रक व चौकशी अहवाल, एकाखाली एक.
३) चौदाव्या जोडाचे छायाचित्र.
४) आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत, जन्मतारखेखाली लाल रेघ मारून.