संभाव्य आगींची यादी

माळवस्ती,
२२ एप्रिल २००९

आप्पा,

धुरपदाचा तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार.

सोमवारी सकाळी मी गाईची धार काढली, शेण भरलं, अंगण झाडलं, चुलीतली राख घमेल्यात काढून उकिरड्यावर टाकली आणि हात धुऊन भाकरी थापायला बसले. ही पाच कामं मी तेहतीस वर्षं ह्याच क्रमानं करते आहे, तेव्हा त्यात पत्रात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सोमवारी सकाळी मीही तेच म्हटलं असतं. पण आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तुम्ही पहाटे गाडीच्या वेळेला उठून बसता आणि वहिनींनाही उठवता, असं कानावर आलं. दौंडची गाडी आता तुमच्यावाचून सुटते, हे मनाला लावून घेऊ नका. इकडे मी ठणठणीत आहे. गाय ठणठणीत आहे. कडबा निम्मा आहे. तो निम्मा का आहे, हे सांगायलाच हे पत्र.

सुरुवात झाली ती वाचनामुळे. (मला वाचायला यायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "धुरपदे, आता तुझ्यापासनं गावानं जपून राहायचं." ते खरं झालं.) ग्रामपंचायतीत मला सदस्य करून तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत मी केलेलं एकमेव काम म्हणजे कपाटातले सगळे कागद वाचून काढले. त्यात ह्या फाल्गुनात आगीच्या नव्या कायद्याची प्रत सापडली. राज्याचा कायदा, आगीपासून बचावाचा. मला वाटलं, आली बाई वेळ, सरकारला आमच्या गंज्या दिसल्या. दोन दिवस भाकरी करपवत तो वाचला. त्यात उंच इमारती होत्या, दवाखाने होते, जिने किती रुंद आणि दारं कुठल्या बाजूला उघडावीत हे होतं. कडब्याचा शब्द नव्हता. आता आमच्या वस्तीवर जिना एकच, पाण्याच्या टाकीचा, तोही लोखंडी. सगळ्यात उंच वस्तू म्हणाल तर हौसरावची कडब्याची गंजी. म्हणून मी बांबू घेऊन तीच मोजायला गेले. कायदा मीटरमध्ये बोलतो आणि मी हातांमध्ये मोजते, त्यामुळे हिशेब जुळेना. हौसराव खाटेवर बसून बिडी ओढत बघत होता. म्हणाला, "वैनी, माप कशाचं घेता? गंजीला सदरा शिवताय का?"

गंजी कायद्यात बसली नाही. मग मी बंबाच्या कचेरीत गेले. (आमची वस्ती दोन तालुक्यांच्या शिवेवर. सातबारा पाहिजे तर शिरूर, दवाखाना पाहिजे तर दौंड. कुठल्या गावच्या कचेरीत गेले ते लिहीत नाही, तिथल्या क्लार्कला अजून नोकरी करायची आहे.) क्लार्क चांगला माणूस. म्हणाला, "मावशी, नवा कायदा आल्यापासून आम्ही गावातले जिने मोजतोय, आगीकडं बघायला सवड कुठं हाय?" पण नियम त्यानं नीट समजावला. बंब हद्दीबाहेर न्यायचा तर साहेबांचा हुकूम लागतो आणि हुकमाला लेखी अर्ज लागतो. आधी अर्ज, मग हुकूम, मग बंब. आगीनं तोवर थांबायचं.

हा नियम मला नवा नव्हता, आप्पा. तुम्हालाही नव्हता.

येताना एसटीत बसल्या बसल्या मला युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा शेजारच्या बाईला सांगावीशी वाटली इतकी ती मला हुशारीची वाटली. उन्हाळ्यात आपण टँकर कसा मागतो? विहीर आटायची वाट बघत नाही. हिवाळ्यातच ठराव होतो, संभाव्य टंचाईचा आराखडा जातो, कुठली विहीर कधी आटेल ते लिहून देतो आणि मंजुरी घेऊन ठेवतो. पाण्याचं जर हे चालतं तर आगीचं का नाही? मी टँकरचाच नमुना घेतला, पाणी खोडून आग लिहिली आणि वर मथळा दिला, 'माळवस्ती येथील संभाव्य आगींची यादी'. अनुक्रमांक, नाव, आगीचे कारण, आगीचा अंदाजे महिना. एक, हौसराव, दिवसाला दोन बंडल बिड्या, त्याही गंजीला टेकून, चैत्र. दोन, सारजाबाई, चूल आणि कडबा यांत सहा हात अंतर, वैशाख. तीन, सरपंच सर्जेराव, मळणीयंत्राची वायर उघडी, कधीही. अशी नऊ नावं. कोणाचं काय चुकतं हे लिहायला बसलं की आप्पा, हात थांबत नाही. अक्षरही फार सुंदर आलं.

ग्रामसभेत यादी ग्रामसेवकानं वाचली. मला वाटत होतं लोक टाळ्या वाजवतील. सर्जेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली (हे लक्षण तुम्हाला माहीत आहे) आणि विचारलं, "म्हंजी आमची घरं जळायची मंजुरी घ्यायची का?" हौसराव मागून बोलला, "वैनी, माझी तारीख तेवढी नक्की सांगा. त्या दिशी मी पावन्याकडं जातो." सारजाबाईनं दुसऱ्या दिवसापासून मला विरजण देणं बंद केलं. ठराव नामंजूर झाला. मी यादी माझ्या सहीनं पोस्टात टाकली.

सोमवारी दहाच्या सुमारास मोटारसायकलवरून हवालदार आला. फाईलमध्ये माझी यादी. कचेरीनं ती पोलिसांकडे पाठवली होती, कारण नऊ आगी कधी आणि कुठे लागणार हे एका बाईला आधीच माहीत आहे, ही गोष्ट त्यांना चौकशी करण्यासारखी वाटली. (मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटली असती.) मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "मावशी, ह्या आगी लागणार हाईत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, डोळे नाहीत का मला? सगळं दिसतं. तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "मग त्यो धूर दिसतो का?"

धूर माझ्या उकिरड्यातून येत होता. सकाळच्या राखेत निखारा राहिला होता. वारा सुटला आणि ज्वाळा उकिरड्यावरून सरळ माझ्या गंजीला जाऊन भिडली.

हवालदारानं मोबाइल काढला, कचेरीला लावला. तिकडून विचारलं, लेखी अर्ज आहे का? हवालदार म्हणाला, "हाय की, माझ्या हातातच हाय." आप्पा, त्या क्षणी मला आग लागल्याचं दुःख झालं नाही. मला वाटलं, जिंकले. तेरा वर्षांनी अर्ज आगीच्या आधी पोचला होता. तिकडून विचारलं, नाव काय? हवालदारानं मला विचारलं, मी सांगितलं. तो यादीवर बोट फिरवत गेला, एक ते नऊ, मग पुन्हा नऊ ते एक. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचं नाव यादीत न्हाई."

सगळ्या वस्तीची चूल मी मोजली होती. माझी सोडून.

पहिला धावत आला तो हौसराव, पाठीवर फवारणीचा पंप आणि तोंडात बिडी. त्याच्यामागं सारजाबाई, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. सर्जेरावांनी विहिरीची मोटर लावली. बाकीच्यांनी दाताळ्यांनी गंजीचा अर्धा भाग ओढून बाजूला काढला. हवालदारानं बूट काढून पाणी वाहिलं आणि एक बूट जळाला. (त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. यादीत बुटाचाही उल्लेख नव्हता.) तासाभरात आग विझली. हौसराव राखेत काठी घालून म्हणाला, "वैनी, दहावं नाव लिव्हा. कारण, वाचन." सगळे हसले. सारजाबाईसुद्धा. संध्याकाळी विरजणाची वाटी आली.

काल साहेबांचा निरोप हवालदाराबरोबरच आला. साहेब यादी वाचून खूप हसले म्हणे, मग हसायचे थांबले. त्यांनी सांगितलंय की यादी दुरुस्त करून, माझं नाव घालून पुन्हा द्या, उन्हाळाभर चालणारा हुकूम आधीच काढून ठेवतो. मग वस्तीवरून नुसता फोन गेला तरी बंब निघेल.

वहिनींना सांगा, यंदाचे सांडगे मीच पाठवते. कळावे.

तुमची,
धुरपदा

ता. क. साहेबांनी आणखी एक विचारलंय. ह्या वस्तीनं पूर्वी कधी बंब मागितल्याचा काही कागद असेल तर जोडा, म्हणजे हुकूम काढायला आधार होईल. तो कागद तुमच्याकडे आहे, आप्पा. दाजी गेले त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून तुम्हीच काढून घेतला होता. तेव्हा मी तो बघायला नको म्हटलं होतं. आता पाठवा.

ता. क. २. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांमागं त्या दुपारी हौसरावच्या वडिलांची गंजी पेटली तेव्हा हे आधी नुसतेच सायकलवर गेले. तिथून अर्ज आणा म्हणून परत पाठवलं. मी लिहून दिला, पण 'विनंती' शब्द चुकला आणि खोडावा लागला. खोडलेला कागद साहेबापुढं कसा न्यायचा, म्हणून मी तो पुन्हा पहिल्यापासून लिहिला. हे सायकल धरून उन्हात उभे होते. मला म्हणाले, "लिही सावकाश, तुझं अक्षर बघू दे त्यांना." दुसऱ्यांदा निघाले ते कालव्यापर्यंतच गेले, तिथंच उन्हानं कोसळले. कागदाची घडीही मोडली नव्हती, असं तुम्हीच म्हणाला होता. अक्षर चांगलं असेल त्यावर. जपून पाठवा.

ता. क. ३. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी मी राखेवर दोन तांबे पाणी ओतलं, हात घालून बघितलं आणि मग उकिरड्यावर टाकली. नवी यादी लिहिली. पहिलं नाव माझं. लिहिताना 'संभाव्य' चुकला, तो खोडला. पुन्हा लिहीत बसले नाही. तशीच घेऊन नऊच्या एसटीनं गेले आणि देऊन आले.