आणखी एक फेरी

आष्टा,
मंगळवार, २२ जानेवारी १९७४

प्रिय दादास,

चंदनबालाचा जय जिनेंद्र. आई बरी आहे, हरभऱ्याला घाटे धरलेत, आणि मी तुझ्यावर लय चिडलेय. आधीच सांगते, म्हणजे तुला ओळीओळीत शोधत बसायला नको.

सांगलीत ऐन बाजारात पंधरा दिवसांसाठी आकाशपाळणा आलाय, चल, तुला बसवतो म्हणालास, तेव्हा मी ठेवणीतलं निळं पातळ नेसले. शाळेत मला पाठुंगळी नेणारा तूच. माझ्या पोलिओच्या पायाला कुणी हसलं की दगड उचलणाराही तूच. वाटलं, दादाला आपली हौस कळली! पाळणा वर गेला की कृष्णा दिसायची, आयर्विन पूल दिसायचा. खाली आला की मी उतरायला बघायची, आणि तू पाळणेवाल्याला खूण करायचास. बस गं, अजून एक फेरी. अशा पाच फेऱ्या! खाली एक तरुण आणि त्याची आई भडंग खात उभी होती. दर फेरीला माझ्याकडेच बघायची. मी वेडी, एकदा हसलेसुद्धा. ती दोघं गर्दीत दिसेनाशी झाली, तेव्हा कुठं तू हात देऊन मला उतरवलंस.

मागच्या आठवड्यात वहिनी माधवनगरहून निरोप घेऊन आली, मिरजेच्या स्थळाला मुलगी पसंत आहे. त्यांनी मला बघितली कधी, म्हणून मी हटून बसले, तेव्हा तिच्या तोंडून निसटलं. पाळण्यात बसवली म्हणून पाय झाकून गेला, एकदा अक्षता पडल्यावर कोण परत पाठवतंय.

दादा, गाव मला लंगडी म्हणतं, त्याचं मला काही नाही. तू कधी म्हणाला नाहीस, पण झाकलंस तूच. असं कसं रं केलंस? त्या रागात भाकरी थापल्या, सगळ्या जाड झाल्या. आईनं दुधात कुस्करून खाल्ल्या.

मग वहिनीकडून पत्ता काढला आणि मिरजेला कार्ड टाकलं. पाळण्यातली मुलगी डाव्या पायानं लंगडते, चालताना बघा आणि मग ठरवा. काल उत्तर आलं, रविवारी मायलेक येतायत. पसंत करोत, न करोत. पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यातून अंगणापर्यंत मी चालत जाणार, पाणी हिंदकळलं तर हिंदकळू दे. आई म्हणते, थोरल्या भावाशिवाय बघणं होतं का कुठं? म्हणून हे पत्र. रविवारी तू येऊ नकोस. तू असलास की हात पुढं करशील, आणि मला सवय आहे, मी तो धरीन.

तुझीच,
चंदन