कलामान्सी आणि मोहाची

४ मे २००५, बुधवार

विकास आला! चार वर्षांनी! आणि एकटा न्हाई — सोबत पोरगी घेऊन आला!

दुपारी दुकानावर मोसंबी सोलून राहिले होते. एसटी स्टँडसमोरचं आमचं ज्यूस सेंटर म्हणजे भर मे महिन्यात जत्राच. पाठमोरी होते, मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, एक फुल ग्लास, बर्फ जास्ती." वळून बघते तर माझा लहाना भाऊ! हातातली सुरी टाकून दिली आणि गळ्यात पडून रडले. गिऱ्हाइकं बघत राहिली. बघू दे.

मग ती दिसली. ठेंगणी, गोल चेहरा, केस कंबरेपर्यंत. लिगाया नाव. फिलिपाइन्सची. विकास ज्या जहाजावर बारमधी काम करतो, तिथंच हीसुद्धा आहे. तोडकीमोडकी हिंदी बोलते. "दीदी, विकास आपका बहुत बात करता." म्हणलं, काय सांगतो गं? "आप बहुत गुस्सा करता."

घ्या!

लग्न करायचं म्हणते दोघं. बावीस तारखेला जहाजावर परत जायचं, त्याच्या आत बापूंनी 'हो' म्हणायला पायजे. आणि न्हाई म्हणले तर? विकास मान खाली घालून म्हणाला, "मग तिच्या गावालाच घर करीन, बाई. पुन्हा इकडं तोंड दाखवायचं न्हाई."

मी म्हणलं, उद्याच तांड्यावर जायचं.

५ मे

साखऱ्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर गेलो चौघं. मी, माझे मालक प्रेमदास, आणि हे दोघं.

लिगायानं दारातच बापूंचा हात धरला आणि वाकून आपल्या कपाळाला लावला. बापू दचकले. त्यांना वाटलं पोरगी चक्कर येऊन पडून राहिली! विकास म्हणाला, त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद असाच घेतात. मग याडीचा हात घेतला. आमची आई ती, भिकाबाई, दगडालाही पाझर फोडणारी — ती तर तिथंच विरघळली. पोरीच्या गालावरून हात फिरवून फिरवून म्हणाली, "किती गुळगुळीत गं!"

जेवणं झाली. विकासनं विचारलं. बापू म्हणले, न्हाई.

ओरडले असते तर मी भांडले असते. पण हळू बोलले. अकरा वर्षांमागं शंकरसिंगच्या पोरानं बाहेरच्या जातीची पोरगी आणली होती. तेव्हा बापू पंचात होते. भर पंगतीतून त्यांनीच शंकरसिंगला उठवलं. तेव्हापासून त्या घरी कोणाच्या लग्नाचं आवतण न्हाई, की गुळाचा खडा न्हाई. "याच तोंडानं त्याला उठवलं," बापू म्हणले, "आता माझ्या पोरासाठी कोणतं तोंड आणू?"

म्हणून पंधराला पंच बोलावतात. चारचौघांसमोर 'न्हाई' सांगणार, म्हणजे कोणाला संशय नको. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा!

६ मे

बापूंशी बोलणं बंद. त्यांनी नव्हे — मी बंद केलं.

८ मे, रविवार

दोघं आमच्याकडंच हिंगोलीत राहतात. ती माझ्याजवळ झोपते, विकास दुकानातल्या बाकावर. लोकांनी काही बोलायला नको.

आज तिनं बॅग उघडली आणि एक थैली काढली. आत गोट्यांएवढी हिरवी फळं. अर्धी प्रवासात खराब झालेली. "कलामान्सी," म्हणली. कापून बघितलं तर आतून नारंगी! वास संत्र्याचा, चव लिंबाची, आणि शेवटी जिभेवर काहीतरी तिसरंच. बारा वर्षं लिंबू-मोसंबी पिळून राहिले मी, पण असं फळ बघितलं न्हाई. खरं सांगते, जीव जळला थोडा.

जहाजावर याचं थंडगार काहीतरी करतात म्हणे. रस, साखरेचा पाक, दारू आणि बर्फ, सगळं मिक्सरमधी फिरवायचं. पार भुसभुशीत करायचं. गिलासाच्या काठाला मीठ. गोरे लोक रांग लावतात.

मग तिनं सांगितलं ते महत्त्वाचं. तिच्या गावाकडं पोराची माणसं पोरीच्या घरी येतात, बसून खातात-पितात, तेव्हा लग्नाचं बोलणं होतं. "मेरा घर इधर नहीं है, दीदी. तो मैं क्या खिलाऊँ?" असं म्हणली आणि हसली, पण डोळे भरले होते.

मी म्हणलं, तू पंचांना तुझ्या हातचं पाज. बापू न्हाई म्हणले तर म्हणले. पण माझ्या भावजयीच्या दारातून पंच कोरड्या तोंडानं जायचे न्हाईत!

भावजय म्हणून बसले की मी. तोंडातून गेलं ते गेलं.

९ मे

मिक्सर फिरवला अन् लाईट गेली! आठ तासांचं भारनियमन. बर्फाचे तुकडे तसेच, रस वेगळा, पाक वेगळा. प्रेमदास म्हणले, "हे तर बिघडलेलं लिंबू सरबत झालं." मी म्हणलं, तुमी बिघडलेले न्हाईत का? तरी चालवून घेऊनच राहिले ना!

१० मे

आज रंधा काढला. गोळ्याचा बर्फ किसतो तोच — फळीत पातं बसवलेला, वरून लादी घासायची. खाली कापसासारखा बर्फ पडतो. लाईट नको, मिक्सर नको. लिगाया टाळ्या वाजवून नाचली. जहाजावरचं मशीन लाखाचं आहे म्हणे, पण असा बर्फ पडत न्हाई. ऐकलं का, हिंगोलीवाल्यांनो!

गिलासांना मीठ लावून ओळीनं ठेवले आणि आमी रस गाळायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर प्रेमदासनं सगळ्या गिलासांचं मीठ ओल्या फडक्यानं लख्ख पुसून टाकलं! "खराब होते ना," म्हणले. सहाही गिलास! लिगाया पोट धरून खाली बसली हसत. मी पण हसले, पण आधी चांगलं झापलं.

११ मे

दारूचा प्रश्न होता. विकासनं आणलेली बाटली तो मुंबईतच कोणा मित्राला देऊन आला. शहाणा! बारमधली बाटली लिगायाला चालेना, वास बघूनच तोंड वाकडं करते. तिच्या गावात नारळाच्या झाडापासून दारू गाळतात, तिची आई तीच वापरायची.

याडीनं तांड्यावरून निरोपाबरोबर एक बाटली धाडली. मोहाची. सणासुदीला म्हाताऱ्या ठेवतात ती. लिगायानं बूच काढलं, वास घेतला आणि बाटली खाली ठेवली. मला वाटलं आवडली न्हाई. तर म्हणली, "दीदी, ये तो मेरे नाना के घर का वास है."

मग केलं. तिची कलामान्सी थोडी, आपलं गावठी लिंबू थोडं, मोसंबीचा रस थोडा, साखरेचा पाक, मोहाची अगदी बेतानं. आणि वर रंध्याचा बर्फ, डोंगरासारखा. मी आजवर दारूला हात लावला न्हाई, पण कर्तव्य म्हणून एक चमचा घेतला.

तीन चमचे घेतले.

अगं बाई! आंबट, गार, गोड, आणि मागून मोहाच्या फुलाचा वास. डोक्यापासून टाचेपर्यंत झुळूक गेली. पोरीच्या हाताला चव आहे. बापूंना काय कळतं!

१४ मे

रात्री झोप न्हाई. उद्या दुपारनंतर काय होईल? विकास चार दिवसांपासून जेवत न्हाई बराबर. परवा मला म्हणाला, "बाई, मला बापूंना सोडून जायचं न्हाई गं." तीस वर्षांचा बाप्या, जहाजात जग फिरून आलेला, आणि लेकरासारखा रडला.

१५ मे, रविवार

बोटं दुखून राहिलीत पण लिहिल्याशिवाय झोपणार न्हाई!

पहाटे बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी घेतली. भुशात घातली, पोत्यात बांधली, काळीपिवळी जीपच्या टपावर टाकली. पुसेगाव येईस्तोवर टपावरून पाणी गळून राहिलं, माणसं म्हणतात पाऊस आला का! तांड्यावर पोचलो तेव्हा लादी अर्धी झाली होती. पण पुरली.

पाक घरूनच करून आणला होता. याडीच्या घरात पाकाचा गंज झाकून ठेवला आणि आमी दोघी मागच्या अंगणात रंधा घासत बसलो. ऊन असं की काय सांगू! हात गारठलेले, डोकं तापलेलं.

निंबाखाली पंच बसले. तांड्याचे प्रमुख मोहनसिंग नाईक मधे, चार म्हातारे आजूबाजूला, बापू कडेला. भोवती अख्खा तांडा. बापू उठणार बोलायला, तेवढ्यात नाईक म्हणले, "थांब अमरसिंग. घसा ओला होऊ दे आधी. पोरीनं काय केलंय म्हणे."

लिगायानं एकेकाला गिलास दिला. आधी प्रत्येकाचा हात कपाळाला लावायचा, मग गिलास. म्हातारे पार चक्रावले. नाईकांनी मिठाचा काठ चाटून बघितला. "मीठ काहून लावलं?" मग एक घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा. मी निंबाच्या खोडाला धरून उभी. बापूंनीही घेतला. सगळा गिलास रिकामा केला, बर्फसुद्धा चावून खाल्ला.

नाईकांनी जिभेवर घोळवलं काहीतरी. म्हणले, "यात गूळ आहे."

मी म्हणलं, न्हाई नाईक, पांढरी साखर आहे.

"पन्नास वर्षं गूळ खाऊन राहिलो, मला शिकवते का? गूळ आहे! आणि मोहाची पण आहे." मग बाकीच्या चौघांकडं बघितलं. "गूळ आला. दारू आली. पोराच्या घरची आली. पंचांनी बसून तोंडाला लावली. बापानं सुद्धा लावली. आता सांगा, हे काय झालं?"

एक म्हातारा हळूच म्हणला, "सगाई झाली की!"

आमच्यात सगाई म्हणजे हेच. पोराच्या घरून आलेला गूळ अन् दारू पंचांनी बसून घेतली की पक्की. मग ती बापालाही मोडता येत न्हाई. पंच पिऊन बसले, आणि कोणी काही ठरवायच्या आधीच ठरून गेलं!

बापू ताडकन उठले. लाल झाले होते. सगळ्यांसमोर आमच्या गोरमाटी बोलीत माझ्यावर ओरडले, "शिला! पंचांना फसवतेस? बापाला फसवतेस?" मी शपथ घेतली, याडीची, लेकरांची. कोणी ऐकेना. नाईक म्हणले, "अमरसिंग, ओरडून काय होणार? पोटात गेलेलं बाहेर येते का? बस खाली. आणि आज हे खरं, तर शंकरसिंगच्या घरचंही खरं धरावं लागेल. पंचाला दोन मापं ठेवता येत न्हाईत."

बापू बसले. मग रिकामा गिलास लिगायाकडं धरला. "अजून आहे का?"

मग काय विचारता! बायांनी गाणी धरली. याडी नाचली, गुडघे दुखतात म्हणणारी! लिगायाला घागरा-कांचळी घातली, आरशाआरशांची ओढणी दिली, तिला काहीच कळत न्हाई पण फेर बराबर धरते. विकास एका कोपऱ्यात उभा राहून हसत होता आणि नाक पुसत होता. प्रेमदासनं उरलेल्या गिलासांना स्वतःच्या हातानं मीठ लावलं!

१६ मे

अख्खा तांडा मला म्हणून राहिला — शिला लई डोकेबाज! नाईकांना पाजून सगाई उरकली! बायका येऊन पाठ थोपटून जातात. मी न्हाई केलं म्हणलं की डोळे मिचकावतात. फुकटची कीर्ती.

पण गूळ आला कुठून? पाकाचा गंज घासताना तळाशी खडा सापडला, अर्धवट विरघळलेला. लिगायाला विचारलं, तिला हा रिवाज ठाऊकच न्हाई. विकास शपथ घेतो. याडीला धरलं, तर म्हणली, "मला सुचलं असतं तर पहिल्या दिवशीच टाकला नसता का?" हे मात्र खरं.

लग्न वीसला. बावीसला दोघं जातील. दिवाळीला येणार, नक्की येणार, असं लिगायानं याडीचा हात कपाळाला लावून सांगितलं. मी किती खूश आहे ते लिहिता येत न्हाई. बापूंशी अजून बोलले न्हाई. माझ्यावर आळ घेतला ना सगळ्यांसमोर!

१७ मे

सकाळी बापू धुतलेला पटका बांधून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणले, "तो गूळ मी टाकला. तोंडानं 'हो' म्हणायची हिंमत न्हाई झाली, शिला. शिव्या तुला खायला लावल्या."

सगाईचा गूळ आज घरोघर वाटायचा. बापू ताट घेऊन एकटेच निघाले — पहिलं घर शंकरसिंगचं.