बॅटरीची केबल

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही बरं आहे म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून पत्र लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, त्यामुळे माझंही तसंच झालंय.

दुकान ठीक आहे. काचा घासतो, फ्रेमी बसवतो, घरी येतो. बाबांना जाऊन चार महिने होतील. मला अजून रडू आलेलं नाही. सुरुवातीला येईल म्हणून वाट बघायचो, आता तेही सोडलं. जेवणात मीठ कमी आहे की जास्त हे कळत नाही, एवढंच.

काळजी आईची आहे. काही विचारलं तर मान हलवते. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते. मात्र संध्याकाळी सहाला उठते, स्वयंपाकघराच्या खणातला पाना घेते, मागच्या सात पायऱ्या उतरून शेडमध्ये जाते आणि बाबांच्या लष्करी गाडीच्या बॅटरीची केबल सोडवून ठेवते. सकाळी सातला जाऊन परत जोडते. गाडी कोणी चालवत नाही, तरी जोडते.

बाबांचा नेम तुला माहीतच आहे. वायरी कापडात गुंडाळलेल्या, त्यांच्याइतक्याच म्हाताऱ्या. कुठे ना कुठे करंट गळायचाच. सैन्यात मेकॅनिक असताना एक ट्रक उभ्या उभ्या जळलेला त्यांनी पाहिला होता, म्हणून भंगारातली ही गाडी उभी केल्यापासून रोज संध्याकाळी केबल काढायची म्हणजे काढायचीच. आणि तरी बघ, त्यांना दवाखान्यात नेलं आणि नवव्या दिवशी ते गेले, त्यानंतर मी गाडी चालू करायला गेलो तर बॅटरी ठार उतरलेली. केबल जोडलेलीच राहिली होती. उभ्या जन्मात बाबा त्या एकाच दिवशी विसरले. मी आईला काही न बोलता बॅटरी चार्ज करून आणली. पण तिने मला बॅटरी नेताना बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तिचं हे सुरू झालं.

गेल्या आठवड्यात ती चौथ्या पायरीवर घसरली. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. मी काढतो म्हटलं तर पाना मुठीत आवळून धरला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तू बसडेपोत वायरिंग करतेस, तुझ्याकडे यावर काही उपाय असेल तर सांग.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा
ठोंब्या


दि. १७ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

उपाय आहे, आणि तो बाबांनी बारा वर्षांपूर्वीच करायला हवा होता. तेव्हा मी सुचवलं होतं. लष्कराने दिली नाही ती वस्तू या गाडीत बसणार नाही, म्हणाले आणि विषय बंद. बॅटरीचा कट-ऑफ स्विच म्हणतात त्याला. केबलच्या मधोमध बसतो, वर लाल चावी असते. चावी आडवी केली की सगळी गाडी मेलेली, उभी केली की जिवंत. पाना लागत नाही. दुकानातून आल्यावर तूच फिरवायची, आईला पायऱ्या उतरायची गरज नाही.

पार्सल पाठवलंय. आत स्विच, जाड केबलचा तुकडा, दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या कड्या, मी इथेच दाबून दिलेत. बॅटरी सीटखाली आहे, तिथेच सीटच्या चौकटीला पत्र्याची पट्टी लावून त्यावर स्विच बसव, दारातून हात पोचला पाहिजे. काम सुरू करताना आधी मायनसची केबल सोडव, हे विसरू नकोस. अंगठी आणि घड्याळ काढून ठेव. तू काच कापणारा माणूस, तुझा नटबोल्टशी संबंध फ्रेमीच्या स्क्रूपुरता, म्हणून इतकं सांगते.

माझं विचारलं नाहीस तरी सांगते. मी ठीक आहे. सुट्टी संपली त्याच दिवशी कामावर आले. सगळे जपून बोलत होते, आता तेही विसरले. बसखाली आडवी पडून काम करताना बरं वाटतं, कारण तिथे कोणी तोंड बघत नाही.

आईला नमस्कार. तुझ्यावर माया आहे, जास्त विचारू नकोस.
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. काम अर्धवट आहे.

रविवारी दुपारी बसलो. तू सांगितलंस तसं अंगठी आणि घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं, मायनसच्या नटाला पाना लावला. अर्धा फेराही झाला नसेल, पान्याचं दुसरं टोक सीटच्या चौकटीला टेकलं आणि धाडकन ठिणगी उडाली. पाना चिकटलाच. तो ओढून काढताना तळहात भाजला. पान्याला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली आहे.

मान वर केली तर आई दारात उभी. ती म्हणाली, "आधी लाल." चार महिन्यांत मी तिचा एवढा स्पष्ट आवाज ऐकला नव्हता. मग मला नळाजवळ नेऊन माझा हात पाण्याखाली धरून उभी राहिली, चांगली वीस मिनिटं. पाणी गार होतं आणि हात दुखत होता. इतक्या दिवसांत काही दुखलं ते पहिल्यांदाच.

आधी लाल हे तुला कसं माहीत, असं विचारलं. तिने नळ बंद केला. संध्याकाळी सहाला दुसरा पाना घेऊन गेली, आधी अंगठी काढली, लाल केबल सोडवली आणि वर आली. तिचा हात जराही अडखळला नाही.

तुझ्या सूचनेत काही चुकलं का? मी तसं म्हणत नाहीये, विचारतोय.

कृपा असू द्यावी.
ठोंब्या


दि. ८ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

चूक माझीच. डेपोतल्या सगळ्या बसची बॉडी मायनसला जोडलेली असते, म्हणून आमचा हात आधी मायनसकडे जातो. बाबांच्या गाडीची बॉडी प्लसला जोडलेली आहे. जुनी गाडी, तेव्हाची पद्धत उलटी. तिथे आधी प्लसची म्हणजे लालच काढायची, मग पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. हे मला बाबांनी मी चौदा वर्षांची असताना टॉर्च धरायला उभं करून शिकवलं होतं. माझ्या हाताखाली सहा माणसं काम करतात आणि मी माझ्याच बापाची गाडी विसरले. पत्र वाचून रडायला हवं होतं. मी डबा खाल्ला आणि परत बसखाली गेले.

आता नीट ऐक. स्विच लाल केबलमध्ये बसव. बॉडीला जिथे लग लागतो तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत कर.

पण त्याआधी एक विचार कर. मला तो आधी सुचायला हवा होता. आई दिवसातून दोनदाच उठते, तेही त्या केबलसाठी. स्विच बसवल्यावर ती कशासाठी उठेल? पायरीवरून पडण्याची भीती मला आहे, पण खुर्चीतून न उठण्याची जास्त आहे. तू तिच्याजवळ आहेस. तुला योग्य वाटेल ते कर, मी बोल लावणार नाही.

हाताला मलम लाव. माया आहे तशीच आहे.
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तरी स्विच बसवला. ती पुन्हा घसरली होती, या वेळी दुसऱ्या पायरीवर.

सहाला आई खाली आली तेव्हा मी तिला चावी फिरवून दाखवली. तिने हेडलाइट लावायला सांगितले. लागले नाहीत. चावी उभी करायला लावली, लागले. पुन्हा आडवी, पुन्हा बंद. असं तिने तीनदा करून घेतलं. मग चावी काढून स्वतःच्या मुठीत घेतली आणि वर जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सहाला उठली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी दुकानातून आलो तर तिच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून रडण्याचा आवाज. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी दारावर हात ठेवून उभा राहिलो. आत जावं असं वाटत होतं, पण जाऊन काय करायचं ते सुचेना. तुझं भाकीत खरं झालं म्हणायचं.

आज तिला स्विच काढून टाकतो म्हणालो. तिने नको म्हटलं, आणि तुझा पत्ता मागितला.

लोभ असाच राहू दे.
ठोंब्या


दि. २३ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

धाकटा स्विच काढायचा म्हणून बसलाय. त्याला नको म्हणून कळव, माझं तो ऐकत नाही. लहानपणापासून हट्टी, आणि नाव मात्र ठोंब्या.

तुम्हा दोघांना एक सांगायचं आहे. शेवटची दोन वर्षं तुझ्या बाबांचे हात कापायचे. केबल मी काढायची आणि हे टॉर्च धरून उभे राहायचे. मुलांना कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. सैन्यातला मेकॅनिक आणि बॅटरी बायको सोडवते, हे त्यांना सहन झालं नसतं. मी तोंडातून ब्र काढला नाही.

त्यांना दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी मी केबल काढली नाही. घाईत राहिली. तिथे पोचल्यावर आठवलं. त्या दिवसापासून रोज सहा वाजले की हे विचारायचे, केबल काढली का. मी म्हणायची, काढली. घरी जाऊन यायला तास लागला असता, आणि तेवढ्यात काही झालं तर, म्हणून खाटेजवळून हलले नाही. धाकट्याला सांगितलं असतं तर तो काढून आला असता. पण मग दोन वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटच्या दिवशी यांना बोलता येत नव्हतं. दोन बोटांनी नट फिरवून दाखवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, काढली. त्यांनी डोळे मिटले.

धाकटा म्हणतो बाबा विसरले. ते विसरले नाहीत. मी विसरले, आणि खोटं बोलले. म्हणून रोज काढत होते. सकाळी जोडायची, कारण जोडल्याशिवाय संध्याकाळी काढणार काय? जोडली की पुन्हा खोटी ठरायचे. असे चार-पाच महिने गेले.

स्विच बसवला त्या संध्याकाळी तो दिवा तीनदा लागला नाही. तेव्हा मनातल्या मनात यांना सांगितलं, आता बंद आहे. मग खूप रडले. धाकटा दाराबाहेर उभा होता, मला कळलं होतं. आत आला असता तर चाललं असतं.

त्याच्या जेवणाची काळजी करू नकोस. इतके दिवस मीठ नसलं तरी गप्प खायचा. काल स्वयंपाक मी केला आणि मीठ दोनदा पडलं, तर तोंड वाकडं करून तांब्याभर पाणी प्यायला. मला बरं वाटलं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. गाडी एकदा चालू करून बघू. चावी मी लावेन.

आज भाजी चिरत बसले होते. घड्याळाकडे बघितलं तेव्हा सहा वाजून गेले होते.

तुझी माया या घरावर राहू दे.
आई